उजेडाचा बंदोबस्त

रात्री दहानंतर आळेफाट्यावर ज्याच्या पिकअपचा उजेड अधिक त्याच्या शब्दाला वजन अधिक, असा एक अलिखित शिरस्ता आहे. दिवसा माणसाची प्रतिष्ठा त्याच्या जमिनीच्या क्षेत्रावरून, विहिरीच्या पाण्यावरून, फार तर चिरंजीवांच्या नोकरीवरून ठरत असेल. परंतु सूर्यास्तानंतर, कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याच्या गोणी लादलेल्या गाड्या ओतूरच्या दिशेने तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांचे चालक चहाच्या टपरीभोवती जमले, की या सर्व लौकिक मोजमापांचा अंमल संपुष्टात येतो, आणि ‘तुझी लाईट कुठवर पडते?’ या एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून प्रत्येकाची पायरी मुक्रर केली जाते. एरवी चारचौघांत ज्याचे तोंड उघडत नाही असा एखादा लाजाळू तरुण गाडीच्या टपावर दिव्यांची लांबलचक पट्टी चढवून आला, तर त्याच्यासाठी बाकावर आपोआप जागा होते. आणि ज्याच्या गाडीचे दोन्ही दिवे कारखान्यातून आले तसेच आहेत असा गृहस्थ, मग तो ग्रामपंचायतीचा सदस्य का असेना, उभ्यानेच चहा पितो.

माझा भाचा या उभ्याने चहा पिणाऱ्यांच्या वर्गात मोडत होता. रात्रीचे जेवण आटोपून निघायचे, ओतूर आणि मढ मागे टाकून माळशेज घाट उतरायचा, टोकावडे-मुरबाडवरून पहाट होण्याच्या आत कल्याणच्या बाजार समितीत माल उतरवायचा आणि ऊन तापण्यापूर्वी रिकामी गाडी घेऊन घर गाठायचे, असा त्याचा नित्यक्रम. कोथिंबीर ही वस्तू स्वभावतः अत्यंत मानी असून पहाटे चारला तिचा जो भाव असतो तो सातला राहत नाही, आणि नऊला तर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा चालकाने गाडी सावकाश हाकावी हा उपदेश, त्यात कितीही तथ्य असले तरी, कोथिंबिरीस मान्य नसतो. ‘मामा, खड्डा दिसतो हो, पण चाक आत गेल्यावर दिसतो,’ अशी त्याने एके दिवशी माझ्यापुढे फिर्याद गुदरली. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे, पंख्याच्या कुरकुरीपासून वीजबिलातील आकड्यांपर्यंत विजेच्या यच्चयावत तक्रारी आमच्या नातलगांत माझ्याच दप्तरी दाखल होतात, आणि त्यांचा निकाल मी सहसा तात्त्विक भूमिकेवरून लावीत असल्याने पक्षकार माझा निकाल आदराने ऐकून घेऊन मग आपल्याला हवे तेच करतात.

या प्रकरणीही माझ्याकडे येण्यापूर्वी टपरीवर रीतसर मसलत होऊन गेलेली होती. पहिला पक्ष बल्बवाद्यांचा. गाडीसोबत येणारा बल्ब साठ-पंचावन्नचा असतो, म्हणजे अप्परला साठ वॉट आणि डिपरला पंचावन्न. त्या जागी बाजारात राजरोस मिळणारा शंभर-नव्वदचा बसविला की काम फत्ते, असे या पक्षाचे प्रतिपादन, आणि निव्वळ अंकगणिताच्या दृष्टीने ते बिनतोड वाटते. दुसरा पक्ष एलईडीवाल्यांचा. हे लोक वयाने लहान आणि आवाजाने मोठे असून पिवळा उजेड हा वडिलांच्या पिढीचा, पांढरा उजेड आपल्या पिढीचा, यापलीकडे त्यांना पुरावा लागत नाही. दिव्याच्या आतील आरसा ज्या नेमक्या बिंदूवर तापलेली तार असावी असे गृहीत धरून घडविलेला असतो, त्या बिंदूवर या स्वस्त एलईडीचा उजेड येतोच असे नाही, आणि मग तो रस्ता सोडून वाटेल त्या दिशेस उधळतो, ही बाब मी एकदा त्यांच्या नजरेस आणून दिली असता, ‘उजेड तर पडतोय ना, सर?’ असा प्रतिप्रश्न आला. तिसरा पक्ष टपावरील पट्टीचा. त्याविषयी न बोलणे बरे. चौथ्या पक्षात एकटे एक वृद्ध ट्रकचालक होते. ‘आधी काच पुसा,’ एवढे तीन शब्द उच्चारून त्यांनी बिडी शिलगावली. काचेच्या बाहेरील चिखलाने आणि आतील धुरकट पापुद्र्याने किती उजेड अडतो याचा ज्याने अनुभव घेतला आहे त्याला त्या तीन शब्दांचे मोल कळेल. परंतु त्या संबंध बैठकीत विनामूल्य अमलात आणता येण्याजोगी सूचना तेवढीच असल्यामुळे तिची नोंद कोणी घेतली नाही.

भाच्याने बल्बवाद्यांना कौल दिला. शंभर-नव्वदच्या बल्बांनी पहिल्या काही रात्री मोठी शोभा आणली, बाकावर त्याला अर्धीमुर्धी जागाही मिळू लागली, आणि मग एका पहाटे मुरबाडच्या अलीकडे उजवा दिवा विझला. साठ वॉटचा दिवा बारा व्होल्टांवर पाच अँपिअर घेतो, दोन मिळून दहा. शंभराचे दोन दिवे साडेसोळाच्याही पुढे जातात. ही वाढीव मागणी पुरविण्यासाठी नव्या बल्बाबरोबर नवी तार कोणी घातलेली नसते. तार तीच, जुनी, बारीक, साठाच्या हिशेबाने कारखान्याने काटकसरीने ओढलेली. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलसाहेबांचा नियम मी सारी हयात फळ्यावर लिहीत आलो, आणि मुलांनी तो सारी हयात परीक्षेपुरता पाठ केला. त्यातल्याच एकाच्या गाडीत तो आता सिद्ध झाला होता. प्रवाह वाढला पावणेदोनपटीहून कमी, उष्णता मात्र पावणेतीनपट. दिवा उघडला तेव्हा बल्बामागचा तीन पायांचा होल्डर, जो मुळात पांढरा असावा, तो कडेने तपकिरी, मध्यभागी काळा आणि एका पायाशी इतका मऊ होऊन पुन्हा घट्ट झालेला आढळला की आतील पितळी पात तिरपी होऊन बल्बाच्या पायाला कायमची चिकटली होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास गाडीभर पसरलेला होता, आणि तो, ज्याने कोथिंबिरीची गाडी कधी हुंगली असेल त्यालाच याचे महत्त्व कळेल, कोथिंबिरीच्या वासावर मात करून उरला होता.

येथे मिस्त्रींचा प्रवेश होतो. आळेफाट्याच्या अलीकडे, टायरच्या दुकानाला लागून, ज्याच्या चौकटीवर जुन्या तारांची वेटोळी टांगलेली आहेत आणि ज्याला अन्य फलकाची गरज भासलेली नाही अशा एका गाळ्यात हे गृहस्थ गाड्यांची वायरिंग करतात. बोलणे बेताचे, हात चपळ, आणि गिऱ्हाइकाच्या निदानावर विश्वास शून्य. ‘लाईट कमी पडते’ हे वाक्य ऐकून बल्ब विकावयास न निघणारा इसम त्या रस्त्यावर मला दुसरा भेटलेला नाही. त्यांनी होल्डर तात्पुरता बदलला, जुनाच साठ-पंचावन्नचा बल्ब पुन्हा चढविला, इंजिन सुरू करावयास सांगितले आणि मल्टिमीटरच्या दोन सुया प्रथम बॅटरीच्या टोकांना लावल्या. काटा नव्हता, आकडे होते: 14.1. मग दिवा लावून त्याच सुया होल्डरच्या मागे खुपसल्या: 12.2. ‘बघा गुरुजी,’ ते म्हणाले, ‘निघालं किती, अन् पोचलं किती.’

जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गडप झाले होते. दोन व्होल्ट म्हणजे चौदातले दोन, अशी कोणी आपली समजूत घालू पाहील. पण तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात चालत नसून तिसऱ्या घाताहूनही थोडा पुढे, सुमारे 3.4 व्या घाताने चालतो, आणि त्यामुळे व्होल्टेज दहा टक्के घसरले की उजेड तीस टक्के घसरतो. या हिशेबाने माझ्या भाच्याच्या गाडीत पाच भाग उजेडापैकी दोन भाग बॉनेटखालीच खर्ची पडत होते, आणि उरलेल्या तिहींवर तो माळशेज घाट उतरत होता. एवढी गळती होते कोठे, हे पाहू गेले तर या विजेचा प्रवासमार्ग मोठा उद्बोधक आहे. बॅटरी आणि जवळचा दिवा यांच्यामध्ये हातभराचे अंतर. परंतु वीज त्या हातभर अंतराने जात नाही. ती बॅटरीपासून निघून फ्यूजच्या डबीत शिरते, तेथून पत्रा ओलांडून चालकाच्या गुडघ्यापाशी येते, मुख्य स्विचमधून पुढे सरकते, स्टिअरिंगखालच्या अप्पर-डिपरच्या दांड्यात प्रवेश करते, त्या दांड्यातील दोन इवलेसे, वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन खरबरीत झालेले संपर्कबिंदू ओलांडते, आणि मग आलेल्या वाटेने परत पत्र्यापलीकडे जाऊन, अनेक जोडांवरून ठेचकाळत, अखेर दिव्याला भेटते. आणि दिव्यातून निघाल्यावरही तिची सुटका नाही, कारण परतीची वाट म्हणून गाडीच्या पत्र्याला जो अर्थचा स्क्रू मारलेला असतो त्याच्याखाली रंग, रंगावर गंज आणि गंजावर गेल्या पावसाळ्याचा चिखल असतो.

ही व्यवस्था ज्याने जुन्या काळची मामलेदार कचेरी पाहिली आहे त्याला अपरिचित वाटणार नाही. कल्पना करा की सरकारी खजिन्यातून एखाद्या गावी पाटबंधाऱ्याच्या कामासाठी रोकड पाठवावयाची आहे, आणि ती रोकड खुद्द मामलेदारसाहेबांच्या हातून गेली पाहिजे असा दंडक आहे. थैल्या खजिन्यातून निघतात, शिरस्तेदाराच्या मेजावर येतात, अव्वल कारकुनाच्या मेजावर विसावतात, साहेबांच्या ओंजळीत पडतात, साहेबांच्या बोटांना भार सोसवत नाही म्हणून काही नाणी जाजमावर सांडतात, आणि मग त्याच मेजांवरून उलट्या क्रमाने बाहेर पडून गावी पोहोचतात तेव्हा थैलीचे वजन घटलेले असते. कोणी खाल्ले असे म्हणता येत नाही, प्रत्येकाने केवळ हाताळलेले असते. रिले नावाची जी काळी चौकोनी डबी मिस्त्रींनी खिशातून काढली तिचे सारे रहस्य एवढेच की साहेबांनी रोकडीला हात लावू नये, फक्त हुकूम सोडावा. हुकुमाला वजन नसते. दांड्यातून जाणारी वीज आता अँपिअरचा सहावा-सातवा हिस्सा, केवळ डबीतील लोहचुंबक जागा करण्यापुरती. तो चुंबक ‘टक्’ असा आवाज करून हुकुमाची तामिली करतो, आणि खजिन्याचा खरा ऐवज, जाड तारेने, आखूड वाटेने, मधल्या कोणत्याही मेजाला स्पर्श न करता थेट गावी पोहोचतो. साहेबांचा मान राहतो, ओंजळ भाजत नाही, आणि पाटबंधाऱ्याचे काम होते. शासनाच्या इतर खात्यांत ही डबी बसविण्याची तजवीज कोणी केलेली माझ्या ऐकिवात नाही.

डबीला चार पाय असतात आणि त्यांवर 30, 85, 86 आणि 87 असे आकडे कोरलेले असतात. हे आकडे जर्मन मानकातून आलेले. या डबीवर तीसवरून एकदम पंच्याऐंशीवर उडी का मारली आहे याचा विचार मिस्त्रींनी कधी केलेला नाही. तिसाला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, पंच्याऐंशी-शहाऐंशीला हुकूम, हा मंत्र मात्र त्यांच्या हाताखालचा शाळा सोडलेला पोरगा असा बिनचूक म्हणत होता की ज्या मुलांना मी विद्युतचुंबकाची आकृती काढावयास लावून वर्षेच्या वर्षे घालविली त्यांच्यापैकी कोणाचीही मला त्या क्षणी आठवण येऊ नये. अप्परला एक डबी, डिपरला एक. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज, कारण त्यापलीकडे कोठेही तार पत्र्याला घासली तर जळावयाचे ते फ्यूजने जळावे, गाडीने नव्हे. वितळलेल्या होल्डरच्या जागी सिरॅमिकचा. आणि अर्थचा स्क्रू काढून, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून, चकचकीत पत्रा दिसू लागेपर्यंत मिस्त्री थांबले नाहीत. हे शेवटचे काम पाहताना भाचा अस्वस्थ झाला, कारण गाडीचा रंग खरवडण्याचे पैसे आपण देत आहोत ही जाणीव त्याला प्रथमच झाली असावी. हॅलोजनच्या काचेला त्यांनी उघडे बोट लावले नाही. कागदात धरून बल्ब बसविला. बोटाचा तेलकटपणा त्या कडक तापणाऱ्या काचेवर राहिला तर तेवढाच भाग अधिक तापून काच जाते, हे कारण त्यांना विचारले असता त्यांनी ‘कंपनीवाले लावत नाहीत, म्हणून मी लावत नाही,’ असे उत्तर दिले, आणि मला वाटते की बहुतेक शहाणपण या मार्गानेच परंपरेत टिकते.

पुन्हा सुया लागल्या. होल्डरवर 13.8. त्याच साठ-पंचावन्नच्या बल्बातून, बल्बावरील वॉटचा आकडा न वाढविता, आधीच्या दीडपट उजेड बाहेर पडत होता, आणि समोरच्या धान्याच्या दुकानाच्या बंद शटरवरील ‘उधार बंद’ ही अक्षरे अशा तेजाने झळकत होती की मालकाने ती रंगविण्याचे सार्थक झाले. व्होल्टेज पाच टक्के वाढले की असल्या बल्बाचे आयुष्य निम्म्यावर येते, अर्धपोटी ठेवलेला दिवा तेवढा चिरंजीव असतो, ही माहिती त्या प्रसंगी देणे मला प्रशस्त वाटले नाही. तद्वतच दुसरीही एक गोष्ट मी मनात ठेवली. दुप्पट अंतरावर तितकाच उजेड पाडावयाचा तर दिवा चौपट लागतो. दीडपट दिव्याने अंतर वाढते ते पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक. पूर्वी शंभर मीटरवर दिसणारी म्हैस आता एकशे बावीस मीटरवर दिसेल. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने ही वरची बावीस मीटर सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळात सरतात, आणि समोर दिसते ती म्हैस आहे, झुडूप आहे की पोलीसपाटील आहेत याचा निर्णय करण्यास माणसाला साधारणतः तेवढाच अवधी लागतो.

आता दिव्यांची नजर सरळ करणे राहिले होते. मिस्त्रींची पद्धत अशी की गाडी ठराविक फरशीवर उभी करावयाची, आणि डिपरच्या उजेडाची वरची कड धान्याच्या दुकानाच्या शटरवरील तिसऱ्या पट्टीला टेकेपर्यंत स्क्रू पिळावयाचा. साठ-पंचावन्नच्या या बल्बात डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडविते, त्यामुळे तो आरशाच्या केवळ वरच्या भागावर पडून रस्त्यावर उतरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. आपण डाव्या बाजूने चालणारे लोक, म्हणून ही कड डावीकडे जराशी वर चढते आणि कडेने जाणारा वाटसरू दिसतो. ही एवढीशी वाटी म्हणजे रात्रीच्या रस्त्यावरील साऱ्या सभ्यतेचा आधार आहे, असे मी म्हणेन. शटरवरील कड बरोबर जुळली. गाडी रिकामी होती. संध्याकाळी तीत कांदे चढले. हौद्यात गोण्यांवर गोण्या रचल्या गेल्या, कंपनीने कागदोपत्री जे वजन मान्य केले आहे त्याला सर्वसंमतीने वळसा घालण्यात आला, मागचे पाटे सपाट झाले, आणि गाडीने नाक असे वर केले की ती अमावास्येला चंद्र शोधते आहे की काय असे वाटावे. दीडपट झालेला तो उजेड आता रस्त्याकडेच्या आंब्यांच्या शेंड्यांवर पडू लागला. ओतूरपर्यंतच्या यच्चयावत घुबडांची त्या रात्री मोजदाद करता आली असती.

या संदर्भात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील 106 व्या नियमाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दिव्याचा झोत असा खाली वळविलेला असावा की दिव्यासमोर आठ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा कोणत्याही व्यक्तीचे डोळे दिपू नयेत, असे त्यात फर्माविले आहे. या व्यक्तीविषयी मला दीर्घकाळ कुतूहल वाटत आले आहे. डोळा दीड मीटरवर, म्हणजे उंची पाच फूट तीन-चार इंच. म्हणजे आपल्यापैकीच कोणी. हा गृहस्थ 1989 पासून हिंदुस्थानातील प्रत्येक गाडीसमोर, रात्रीच्या वेळी, आठ मीटरवर उभा आहे. त्याला नाव नाही, वेतन नाही, रजा नाही, आणि त्याचे डोळे दिपले की नाही हे विचारण्यास कोणी कधी गेलेले नाही. नियम करणाऱ्यांनी त्याच्यासाठी गाडीचा वेग, रस्त्याची रुंदी, पावसाळा या सर्वांचा विचार केला असेल. मागच्या हौद्यातील कांद्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवला नसावा. अन्यथा ‘गाडीत माल भरलेला असता’ अशी एक पोटकलमाची पुस्ती जोडण्यास कितीसा कागद लागला असता?

उजेड कमी करावयाचे हुकूम मात्र आमच्या पिढीने निमूटपणे पाळलेले आहेत. 1965 आणि 1971 च्या युद्धांत खिडक्यांना काळे कागद चिकटवून, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखून लोक फिरत असत, आणि त्या अर्ध्या डोळ्याच्या उजेडात वाहतूक चालत असे. पुढे युद्ध संपले, काळा रंग राहिला. कित्येक वर्षे दिव्याच्या काचेवर काळी पट्टी किंवा मध्यभागी एक ठिपका असल्याखेरीज गाडी पुरी वाटत नसे, आणि हा ठिपका शत्रूच्या विमानासाठी आहे, समोरच्या गाडीसाठी आहे, की दृष्ट लागू नये म्हणून आहे, याविषयी चालकवर्गात एकवाक्यता नव्हती.

नव्या दिव्यांची परीक्षा पाहण्यासाठी भाच्याने मला घाटातून नेले. मढच्या पुढे पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी डावी-उजवीकडे कोठे तरी असावे; पावसाळ्याचे दिवस, रस्ता ओला, आणि भाचा प्रत्येक वळणावर ‘बघा मामा’ म्हणत होता व मी पाहत होतो. घाटमाथ्यावर धुके भेटले. त्याने अभिमानाने अप्पर टाकला, आणि समोर एक पांढरी भिंत उभी राहिली. धुक्याचा प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवितो, त्यामुळे दिवा जितका सबळ तितकी ती भिंत अधिक पांढरी. दीडपट उजेडाची भिंतही दीडपट झाली होती. शेवटी डिपर, तोही नकोसा होऊन केवळ साइड लाईट, आणि क्लीनरचे काम करणारा पोरगा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून, कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर खिळवून, ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… हाणा उजवीकडं!’ असा घोष करीत आहे, या व्यवस्थेने आम्ही माळशेज उतरलो. जूल, ओहम आणि जर्मन मानक यांपैकी कोणाचाही त्या उतारावर उपयोग झाला नाही.

खाली मोकळा रस्ता लागला तसा सामना सुरू झाला. समोरून येणाऱ्या प्रत्येकाने कोठल्या तरी मिस्त्रीकडून आपल्या उजेडाचा बंदोबस्त करून घेतलेला होता. रात्री भेटणाऱ्या दोन चालकांत एक मूक संवाद असतो: मी डिपर दिला, तूही दे. तो न दिल्यास एकदा अप्पर चमकवून आठवण, तरीही न दिल्यास दोनदा चमकवून निषेध, आणि त्यानंतर दोघेही अप्पर लावून, दोघेही आंधळे होऊन, केवळ आत्मसन्मानाच्या आधाराने परस्परांशेजारून निघून जातात. ट्रकांच्या फळ्यांवर ‘रात्री डिपर द्या’ अशी विनंती सुबक अक्षरांत रंगविलेली असते, पण ती मागच्या फळीवर. म्हणजे ती जो वाचतो तो पाठीमागून येत असतो, आणि ज्याने ती वाचावी असा जो समोरून येणारा, त्याला ट्रकचे केवळ दिवे दिसतात. त्याच फळीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्र शासनाने 2015 साली बंदी घातली, डिपरच्या विनंतीला मुभा राहिली, कारण ती कोणी पाळीत नसल्यामुळे तिचा उपद्रवही नसावा.

टोकावड्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा भाचा डोळे चोळीत होता. टपरीच्या शेजारी एका लाकडी खोक्यावर रात्री गाडी चालविण्याचे पिवळ्या काचांचे चष्मे मांडून एक इसम बसलेला होता, आणि त्याचा धंदा, भोवतालच्या गर्दीवरून पाहता, उत्तम चाललेला होता.

‘काय करायचं, मामा,’ भाचा म्हणाला, ‘सगळ्यांनीच रिले टाकलेत.’ आणि त्याने एक चष्मा उचलला.

‘दीडशेला,’ विक्रेता म्हणाला. ‘समोरची लाईट निम्मी करतो, शेठ.’

‘निम्मीच?’ भाच्याने चष्मा परत ठेवला. ‘याहून काळी काच दाखव.’

‘काळी घेतली तर रस्ता दिसायचा नाही.’

‘रस्त्याचं मी बघतो,’ भाचा म्हणाला. ‘आपली लाईट दीडपट आहे.’